वाऱ्याला बांधून घेताना

३ नोव्हेंबर, रविवार

"आम्ही पोटासाठी दोरीला लोंबकळतो. तू कशासाठी बांधून घेणार?"

बाबांनी जेवताना सहज विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आता लिहायला बसले तरी येत नाहीये.

विषय निघाला तो हार्नेसवरून. वर्षभर मी सुट्टीच्या दिवशी ओहोटीच्या वाळूवर जाते. तीन चाकांची बसकी बग्गी, पाय पुढच्या चाकाच्या दांडीवर, हातात दोन मुठी, मुठींना लांब दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला पतंग. पतंग कसला, उडता पलंगपोसच! तो ओढतो, आपण पळतो. इंजिन नाही, धूर नाही. आई अजून म्हणते, "घोडा नाही आणि म्हणे बग्गी!"

पण खांदे भरून येतात. जुनी मंडळी कमरेला हार्नेस बांधतात. दोन मुठींना जोडणारी एक आखूड दोरी असते, ती हार्नेसच्या पुढच्या हुकात अडकवायची. मग सगळी ओढ अंगावर येते, हात फक्त वळवण्यापुरते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी लांब फेरी आहे: खाडीच्या तोंडापासून दीपगृहापर्यंत आणि परत. नुसत्या हातांनी ती माझ्याच्याने होणार नाही. आणि मला जायचंच आहे!

बाबा उंच इमारती बाहेरून रंगवतात. गच्चीवरून सोडलेल्या दोन दोऱ्या, त्यांच्यामध्ये लाकडाची फळी, फळीवर बाबा, शेजारी रंगाचा डबा. त्याला ते पाळणा म्हणतात. त्यांचा प्रश्न टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. म्हणून जास्त लागलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना उत्तर सुचलं — "आनंदासाठी." घरी येईपर्यंत ते इतकं पोकळ वाटायला लागलं की बोललेच नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

हार्नेस आणला! कमरेचा, रुंद, पाठीला जाड अस्तर, पुढे स्टीलची आडवी पट्टी आणि तिच्यावर हुक. दुकानातल्या आरशासमोर उभी राहिले तर असा बसला की वाटलं, मापं घेऊनच शिवलाय. दुकानदार म्हणाला, "ताई, तुम्ही घातला आणि त्याचं सोनं झालं." हे तो सगळ्यांना म्हणत असणार. तरी बरं वाटलं.

घरी घालून दाखवला. आई म्हणाली, "बाळंतिणीचा पट्टा आहे हा!" बाबांनी मात्र खिडकीपाशी नेऊन शिवण बघितली, बक्कल ओढून बघितलं. मग पट्टीला लोंबणाऱ्या लाल गोळ्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"संकटात ओढायचं. ओढलं की हुक उघडतो, पतंग सुटतो."

"सुटतो?" बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मुद्दाम? अगं, वर आमचा पट्टा सुटला तर माणूस गेला!"

"तुमचा न सुटण्यासाठी असतो, बाबा. आमचा वेळेवर सुटण्यासाठी. तुम्ही रोज अडकवता ना?"

बाबा काही बोलायच्या आत आई आतून ओरडली, "अडकवतात तर! घडी घालून बुडाखाली घेतात. फळी टोचते म्हणे!"

बाबा हसले. "मऊ आहे गं. चांगली गादी होते."

आईही हसली. मला हसू आलं नाही. बाबा वर जातात हे लहानपणापासून माहीत आहे. वर ते नुसत्या फळीवर बसलेले असतात, हे आज कळलं. हे मला आत्तापर्यंत कसं कळलं नाही? की विचारलंच नाही?

१० नोव्हेंबर, रविवार

फजिती!

बग्गीत बसले, दोरी हुकात अडकवली, पतंगाने पहिला हिसका दिला — आणि हार्नेस सरळ वर! कमरेवरून बरगड्यांवर, बरगड्यांवरून जवळजवळ काखेत. श्वास घ्यायची चोरी. दोरी काढून थांबले तर मागे दाढताई हसून हसून वाळूवर बसलेल्या. (दाढताई म्हणजे आमच्यातल्या दंतवैद्य. सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत वेगवान. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलंय.)

"उभ्याने घालून बघितलास ना?"

"हो."

"आरशासमोर?"

"...हो."

"बग्गीत उभी राहणार आहेस का तू?"

बसल्यावर कंबर दुमडते, पोट पुढे येतं, ओढ पुढून आणि वरून येते, मग पट्टा वर सरकणारच. इतकी साधी गोष्ट! वेल्डरकाका म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. इथे प्रत्येकाने पहिला हार्नेस आरशासाठीच घेतलाय." आमच्या सगळ्या बग्ग्या वेल्डरकाकांनीच जोडल्यात. त्यांच्याकडे म्हणे असे दोन पडून आहेत.

दाढताईंचं म्हणणं, बग्गीसाठी बैठकीचा हार्नेस हवा. मांड्यांखालून पट्टे जातात, त्यामुळे तो वर सरकत नाही आणि हुक खाली, बेंबीच्या जवळ राहतो. ओढ खालून आली की माणूस खुर्चीत दाबला जातो, खुर्चीतून उपटला जात नाही. दिसतो भयंकर, हे त्यांनीच सांगून टाकलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बाबांशी बोलले. बोलले कसली, भाषण केलं. सुरक्षेबद्दल, नियमांबद्दल, कुटुंबाबद्दल. बाबा ब्रश धूत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? टाळ्या वाजवू?"

मला रडू आलं, रागाने. मग त्यांनी ब्रश बाजूला ठेवला.

"हे बघ पोरी. फळी खाली सोडली की प्रत्येक वेळी पट्ट्याची दोरी सरकवायची. कोपऱ्यात हात पोचत नाही. दोरीला रंग लागतो."

"ही कारणं झाली."

"मग काय हवंय?"

"खरं कारण."

नळ चालूच होता. मग म्हणाले, "त्या पाळण्यांवर सगळ्यात जुना मी. बाकीचे माझ्याकडे बघून हात चालवतात. मी आता एकदम पट्टा अडकवला, तर म्हणतील म्हातारा घाबरायला लागला. घाबरलेल्या माणसाला वर कोण ठेवतं?"

कॉलेजात असताना सगळ्या प्रश्नांना बाजू असायच्या, एक बरोबर, एक चूक. माझं पदवीचं प्रमाणपत्र लावायचं म्हणून बाबांनी आधी ती अख्खी भिंत रंगवली होती. खिळा ठोकला दुसऱ्या दिवशी, रंग नीट वाळल्यावर. अशा माणसाला मी काय भाषण देणार?

पण बाबा, घाबरणं आणि अडकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! हे तिथल्या तिथे सुचायला हवं होतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

अदलाबदल झाली! दाढताई कधी कधी बग्गीऐवजी चाकांच्या फळीवर उभ्याने पतंगामागे सरकतात, तेव्हा त्यांना कमरेचा हार्नेस चालतो. त्यांनी माझा घेतला, त्यांचा बैठकीचा मला दिला. दोघींनाही वाटतंय की आपला फायदा झाला.

आज मला टांगलं.

ही आमच्या मंडळींची रीत. नवा हार्नेस कोणी तसाच वाळूवर नेत नाही. शेडच्या तुळईला दोरी, दोरी हुकात, आणि पाय उचलून बसल्यासारखं लोंबकळायचं. खाली जुन्या गाद्या. बाकीचे समोर बसून चहा पितात. त्यांचा चहा संपेपर्यंत टांगलेल्याने खाली यायचं नाही. तेवढ्यात कळतं कुठे काचतंय, कुठे सैल आहे, कुठली शिवण मांडीत घुसते. आणि ते इतका सावकाश चहा पितात! दाढताई तर फुंकर मारून गार झालेल्या चहावर परत फुंकर मारत होत्या.

डावी मांडी काचली. खाली उतरवलं, पट्टा दोन बोटं सैल केला, परत टांगलं. आता छान. पाळण्यात बसल्यासारखं.

मग खरी परीक्षा. डोळे मिटायचे. कोणीतरी तुम्हाला हलवतं, फिरवतं, आणि अचानक "सोड!" म्हणतं. लाल गोळा शोधून ओढायचा, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. पहिल्यांदा मी बक्कलच ओढत बसले. "ते तुझं पोट आहे!" वेल्डरकाका. दुसऱ्यांदा सापडला. धप्पकन गादीवर! काय मजा आली! मुद्दाम आणखी एकदा टांगून घेतलं.

अंगावर भार असताना सोडून बघायचं, हे महत्त्वाचं. नुसतं उभं राहून गोळा ओढला तर कोणालाही जमतं.

आईने बैठकीचा हार्नेस बघितला. "हा कसला लंगोट! हा घालून चारचौघांत फिरणार?" मग स्वतःच पट्टे दोरीवर सरळ वाळत घातले, पीळ पडू नये म्हणून.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दोन्ही मांड्या ठणकताहेत. खुर्चीवर बसताना "आई गं" निघालं तर प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "पडलीस का?" मी म्हटलं, "हो, दोनदा. मुद्दाम."

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस कुठेतरी जपून ठेवता आला असता तर!

बाबा सोबत आले. त्यांना सुट्टी होती, आणि "ती घोडा नसलेली बग्गी बघू तरी" म्हणाले. वाऱ्याला जोर नव्हता पण सारखा होता, मऊ. मी बग्गीत बसले, पतंग डोक्यावर स्थिर केला, दोरी हुकात. मग पतंग खाली झुकवला आणि निघाले.

कसं लिहू? वर्षभर जी ओढ बोटांत, कोपरांत, खांद्यांत होती ती सगळी निघून बैठकीत आली. हात हलके झाले. इतके हलके की आधी भीती वाटली, मुठी सुटल्या की काय! मग कळलं, मी पहिल्यांदाच आजूबाजूला बघतेय. ओल्या वाळूत आभाळ दिसत होतं. चाकांचा आवाज कापड फाडल्यासारखा. आणि ओढ सारखी, शांत — कोणीतरी भल्या माणसाने पाठीवर हात ठेवून चल म्हणावं तशी. फक्त हात पुढच्या बाजूने!

परत आले तर बाबा शेडमध्ये, आणि त्यांच्याभोवती सगळे. त्यांनी तुळईवरची गाठ सोडून दुसरी मारली होती. "ती चालली असती, पण भार आला की सोडवताना नखं जातील." मग दाढताई म्हणाल्या, "काका, तुम्हीच बसून दाखवा." बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. माझा हार्नेस चढवला, टांगून घेतलं आणि वरून फर्मान सोडलं, "चहा मलाही लागेल!" टांगलेल्या माणसाने चहा पिणं शेडच्या इतिहासात पहिल्यांदा झालं म्हणे. सगळे खदखदून हसत होते. मला बाबा इतके सुंदर वाटले.

तेवढ्यात वेल्डरकाका म्हणाले, "तुम्हाला पट्ट्याची रोजची सवय. तुम्हाला काय नवल!"

"हो तर," बाबा म्हणाले. "रोजचंच आहे."

चार लोकांत काय बोलणार?

बसमध्ये विचारलं, "खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? बसायला घेतो म्हणून?"

"म्हणजे सांगायची लाज वाटते."

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला चढवलं कोणी इतकं? मीच ना."

चिडले नव्हते. पण उत्तरही दिलं नाही. लाज वाटते म्हणजे त्यांना पटलेलं आहे! आता फक्त वळवायला हवं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मुठींमधली दोरी थोडी आखूड केली. लांब होती तेव्हा मुठी हाताच्या पल्ल्याबाहेर जायच्या. आता कोपर दुमडलेला राहतो. आईला खुर्चीत बसून दाखवलं, तर म्हणाली, "अशी बसलीस की शहाणी दिसतेस."

१ डिसेंबर, रविवार

लांब फेरी पूर्ण केली. सगळ्यात शेवटी आले. पण आले!

जाताना सगळं स्वप्नासारखं. खाडीचं तोंड मागे पडलं, दाढताई पुढे ठिपक्याएवढ्या, मागे कोणी नाही. आपण एवढे लांब आपल्या हिमतीवर आलो, या विचाराने एकटीच मोठ्याने गायला लागले. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून बरं.

दीपगृहाजवळ वारा अडतो. टेकाडाच्या आडोशाला पतंग ढिला पडला. मी आडोसा ओलांडायच्या नादात वेग घेतला आणि बाहेर पडताच वारा एकदम अंगावर आला. मागचं एक चाक उचललं. बग्गी कलली. पहिलं मनात काय आलं? "सुटलं तर सगळे बघतील." खरंच हेच आलं! पडू, मोडू, हे नाही — बघतील. दोरी हुकातून काढायला गेले तर ती तारेसारखी ताठ, निघेचना. मग डावा हात आपोआप खाली गेला आणि लाल गोळा ओढला. मुठीही सोडल्या. अशा वेळेसाठीच मनगटाला बांधलेल्या दोऱ्यांनी पतंगाची मागची कड ताणून धरली, त्यातला वारा निघून गेला आणि तो वाळूवर ओल्या कपड्यासारखा पडला. चाक धाडकन खाली. मी खुर्चीतच.

दाढताई वळून आल्या. वाटलं, आता हसणार.

"शाब्बास!" म्हणाल्या. "निम्मे लोक लाजेपायी सोडत नाहीत. मग माझ्याकडे दात बसवायला येतात."

हुक परत बसवला, दोऱ्यांचा गुंता सोडवला आणि निघाले. परतीच्या वाटेवर गाणं नाही, पण आतून फार शांत वाटत होतं. आपल्याला वेळेवर सोडता येतं, हे कळलं की बांधून घ्यायची भीती जाते.

२ डिसेंबर, सोमवार

बाबांना सगळं सांगितलं. चाक उचललं तेही. आईला अर्धंच सांगितलंय.

त्यांनी टेबलावर काडेपेटी ठेवली, तिला दोरा बांधला आणि म्हणाले, "नीट दाखव. वारा कुठून? तू कुठे?" मी दाखवत गेले. दोरा ताठ झाला, काडेपेटी कलली. तिथे त्यांनी माझा हात धरला.

"तेव्हा मनात काय आलं?"

"लोक बघतील, हे."

बाबांनी काडेपेटी सरळ केली. दोरा बोटाला गुंडाळत बसले, परत सोडला, परत गुंडाळला.

"माझंही तेच आहे," म्हणाले. "उद्यापासून अडकवतो. शब्द."

मी त्यांच्या गळ्यात पडले. "अगं, रंग लागेल!" म्हणाले, पण हात काढला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

बाबा दारातून आत येताच म्हणाले, "अडकवला होता." मी विचारलंही नव्हतं.

किती हलकं वाटतंय! आज जेवताना मी दोन वेळा वाढून घेतलं. आई म्हणाली, "बग्गी काय आता तुला ओढणार नाही, तूच बग्गीला ओढशील."

७ डिसेंबर, शनिवार

दाढताईंचा निरोप — पुढच्या रविवारी दोन नव्या मुली येताहेत, त्यांना टांगायचं काम माझ्याकडे! चहा सावकाश कसा प्यायचा, याचा सराव करते आहे.

९ डिसेंबर, सोमवार

पाण्याचे नमुने घ्यायला बाबांच्या कामाच्या रस्त्यावर गेले. समोरून बघितलं. पट्ट्याची दोरी गच्चीवरून खाली आलेली, टोक मोकळं, वाऱ्यावर हलतंय. बाबा कोपऱ्यातल्या सज्ज्याकडे वाकलेले, एक हात पाळण्याच्या दोरीला, एक हात ब्रशला. सुरेख रंगवत होते.

हाक मारली नाही. दचकले असते. गच्चीवरच्यांना खुणाही केल्या नाहीत. सरळ आत गेले आणि मुकादमांना सांगितलं.

ते म्हणाले, "तुम्ही सांगून गेलात की मला त्यांना उतरवावंच लागेल. मग त्यांनी आतल्या खोल्याच रंगवायच्या. परत वर कधी, ते मी सांगू शकत नाही. घरी जाऊन आधी बोलून बघा ना."

मी म्हटलं, "आत्ता उतरवा."

पाळणा हळूहळू खाली आला. बाबांनी हात पुसले. मुकादमांकडे बघितलं, मग मला बघितलं, आणि तरीही त्यांनाच विचारलं, "कोणी सांगितलं?"

मुकादम काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी, बाबा."